शेवटच्या स्टँडवरून

अगं, अमेरिकेच्या नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रात निवड झाली, ॲमस्टरडॅम आणि लंडनला जाणार, हे तू मला कितीदा सांगितलंस! दुसऱ्या व्हायोलिनमध्ये शेवटचा स्टँड मिळाला, हे मात्र आईकडून कळलं. मनाला लागलंय ना? लागणारच. पण देशभरातून आलेली ही १६ ते १९ वर्षांची मुलं, बहुतेक सगळी आपापल्या शाळेत पहिल्या खुर्चीवरच बसायची.

आणि मागे बसणं सोपं नसतं, बरं का. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजच्या पलीकडच्या टोकाचा, सतरा मीटरवरचा सूर तुझ्या कानी येईतो सेकंदाचा विसावा भाग निघून जातो. तो ऐकून वाजवलंस, तर समोरच्यांना तू मागे पडलेलीच ऐकू येणार. म्हणून तिथे कानांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेव. कंडक्टरचा हात आणि तुमच्या लीडरचा बो, या दोन्हींवरून नजर हलू देऊ नकोस. पुढच्या रांगेत हे इतकं शिकायला मिळत नाही, मनापासून सांगते.

हॉल बदलला की सगळं पुन्हा जुळवावं लागतं. ॲमस्टरडॅमचं कॉन्सर्टखेबाव १८८८ सालचं, लांबट चौकोनी. तिथे सूर असा उमलतो की हात आपोआप हलका होतो. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल लंबगोल आणि अवाढव्य. तिथला प्रतिध्वनी आवरायला १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या. कार्यक्रमाआधीची छोटी तालीम म्हणूनच असते. कितीही दमलीस तरी त्या वेळी फोन बॅगेत.

विमानातल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंट्या सरकतात. तारा जराशा सैल कर, अगदी सोडू नकोस, नाहीतर ब्रिज पडेल. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत आहे का, ते दुकानात दाखवून घे. असेल तर तो बो घरीच राहू दे, सीमेवर अडवतात. आईचे पेढेही नकोत, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. भाजके चणे-शेंगदाणे घे. कार्यक्रम संपेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात आणि तेव्हा उपाशी पोटी झोप लागत नाही. झोप मात्र सांभाळ, गप्पांसाठी बसचा प्रवास आहे.

आणि तुझ्या स्टँड पार्टनरशी दौऱ्याआधीच्या तालमींतच मोकळी हो. तू आतल्या बाजूला असशील तर पानं तू उलटायचीस, म्हणजे ऐन रंगात आलेलं वाजवणं तुलाच थांबवावं लागेल. नेमकं कुठे थांबायचं, ते तिच्याशी आधीच ठरव. बो कुठे वर, कुठे खाली ओढायचा, यातले बदल मागे पोचायला वेळ लागतो. पुढच्या स्टँडला बिनधास्त विचार आणि लगेच पेन्सिलने खूण कर. पेन्सिली मात्र दोन ठेव, एक हमखास स्टेजवरून घरंगळते.