कॅमेऱ्याची पारख

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील यादवकालीन देऊळ काळ्या दगडाचे असून, त्याच्या बाहेरील भिंतींवर देवदेवता, हत्ती, सैनिक असे नाना आकार कोरलेले आहेत. त्यांपैकी कित्येक मूर्ती झिजल्या वा भंगल्या आहेत. गेलेले कोरीवकाम परत येत नाही. मात्र आज जे उरले आहे त्याचे स्पष्ट छायाचित्र घेऊन ठेवणे शाळकरी मुलांनाही साधण्यासारखे आहे. खिशात मावणारा लहान डिजिटल कॅमेरा या कामास पुरेल काय? याचे खरे उत्तर दुकानात नव्हे, तर त्या भिंतीपुढेच मिळते.

दुकानदार प्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. डिजिटल चित्र बारीक टिंबांचे बनलेले असते आणि १० लाख टिंबे म्हणजे एक मेगापिक्सेल. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रात अवघी १०,००० टिंबे होती, आणि ते एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत. पुढे टिंबे कोटींवर गेली. परंतु ६ इंच लांब व ४ इंच रुंद चित्र सुबक छापण्यास सुमारे २२ लाख टिंबे पुरतात. म्हणून केवळ आकड्यावर भाळू नये.

आकड्याहून महत्त्वाचा आहे तो भिंगामागचा संवेदक. जुन्या फिल्मवरील चित्राची चौकट ३६ मि.मी. लांब व २४ मि.मी. रुंद असे. लहान कॅमेऱ्यातील संवेदकाचे क्षेत्रफळ बहुधा तिच्या तिसाव्या हिश्श्याएवढेच भरते. लहान वाडग्यात पावसाचे पाणी थोडे साचते, तसा लहान संवेदकावर उजेड थोडा पडतो. भर उन्हात ही उणीव जाणवत नाही. सावलीतील कोनाड्यापुढे मात्र चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके उमटतात आणि मूर्तीच्या दागिन्यांचे बारकावे त्यांत बुडून जातात. फ्लॅश लावावा, तर त्याचा उजेड समोरून पडून सावल्या पुसतो व कोरीव मूर्ती सपाट दिसू लागते. त्यापेक्षा कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून उजेडास अधिक वेळ द्यावा, हे उत्तम.

काळा दगड कॅमेऱ्याला फसवितोही. समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे, असे कॅमेरा गृहीत धरतो. त्यामुळे काळी भिंत करडी उमटते व वरचे आकाश पांढरेफटक होते. चित्र किंचित गडद घेण्याची सोय कॅमेऱ्यात आहे की नाही, हे म्हणूनच पाहावे. झूमचीही परीक्षा घ्यावी. भिंग पुढे सरकून होणारा झूम खरा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा कापून ताणणे, दुसरे काही नाही.

संत नामदेवांच्या कीर्तनासाठी हे देऊळ फिरले, अशी आख्यायिका आहे. छायाचित्रकारासाठी ते फिरत नाही. त्याने उन्हाची वाट पाहावी. तिरपे ऊन भिंतीवर आले, की एकाच मूर्तीचे चित्र एकाच जागेवरून दोन-तीन कॅमेऱ्यांनी घ्यावे. मग ती चित्रे कागदावर छापून पुन्हा त्याच मूर्तीपुढे न्यावीत. जिच्या हातातील आयुध दगडावर ओळखू येते पण कागदावर ओळखू येत नाही, अशी मूर्ती टिपणारा कॅमेरा या कामाचा नव्हे.