शिवारातील नीलगाय आणि घरातील आरोग्य

नोएडाच्या उंच इमारतींपासून थोड्याच अंतरावर, यमुना आणि हिंडन या नद्यांच्या काठी, आजही गहू, मोहरी व भाजीपाला पिकतो. सूरजपूरच्या पाणथळ परिसरात आणि नदीकाठच्या गवताळ पट्ट्यांत नीलगायींचा वावर आहे. पहाटे व सायंकाळी त्यांचे कळप पिकांत उतरतात; जेवढे खातात, तेवढेच किंवा त्याहून अधिक तुडवतात. विदर्भ-मराठवाड्यातून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना हा प्राणी नवा नाही. गावाकडे तो 'रोही' या नावाने ओळखला जातो. तेथे त्याच्या जोडीला काळवीट, चितळ आणि रानडुक्करही शिवारात येतात.

पिकाचे नुकसान डोळ्यांना दिसते. आरोग्याला असणारा धोका मात्र सहसा दिसत नाही. तो कोठून येतो, कसा टाळावा आणि ताप आल्यास डॉक्टरांना काय सांगावे, हे या पत्रकात समजावून दिले आहे.

नीलगाय आणि आपली गुरे

नीलगाय दिसायला हरणासारखी असली तरी ती खरे हरीण नव्हे. चितळ व सांबर यांची शाखायुक्त शिंगे ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. नीलगायीच्या नराची आखूड शिंगे कायम राहतात. गाय, म्हैस व शेळी ज्या कुळात मोडतात त्याच कुळातील ती आहे. त्यामुळे लाळ्या-खुरकूत, ब्रुसेलोसिस यांसारखे गुरांचे काही आजार तिलाही होऊ शकतात. गुरे आणि रानटी जनावरे एकाच पाणवठ्यावर व एकाच कुरणात आली, तर रोगाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

नीलगायींना पुन्हापुन्हा त्याच जागी लेंड्या टाकण्याची सवय असते. बांधावर किंवा शेताच्या कोपऱ्यात असे ढीग आढळल्यास कळपाचा नेहमीचा मार्ग तोच, असे समजावे. त्या जागी मुलांना खेळू देऊ नये, गुरे बांधू नयेत आणि चारा रचू नये.

धोका कोणत्या वाटेने येतो

केवळ दुरून नीलगाय दिसल्याने कोणीही आजारी पडत नाही. माणसापर्यंत रोग पोहोचण्याच्या वाटा प्रामुख्याने तीन आहेत.

पहिली वाट गोचीड व सूक्ष्म माइट यांची. रानटी जनावरे, गुरे व उंदीर यांच्या अंगावर हे जीव जगतात आणि गवतातून माणसाच्या अंगावर चढतात. स्क्रब टायफस हा ताप माइटच्या अळीच्या चाव्यातून होतो. या माइटचा मुख्य आधार उंदीर-घुशी असल्या तरी वाढलेले गवत व झुडपे हे त्याचे घर आहे. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भाच्या अन्य भागांत या तापाचे अनेक रुग्ण आढळले होते. गोचिडीतून पसरणारे काही आजार याहूनही गंभीर असतात. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. क्रिमियन-काँगो ताप भारतात प्रथम २०११ मध्ये गुजरातमध्ये निश्चित झाला. तो गोचिडीप्रमाणेच बाधित जनावराच्या व रुग्णाच्या रक्तातूनही पसरतो. गुजरातमध्ये रुग्णावर उपचार करणाऱ्यांनाही त्याची लागण झाली होती.

दुसरी वाट मृत किंवा जखमी जनावराची. मेलेल्या जनावराचे कातडे काढणे, मांस कापणे किंवा शिंगे तोडणे यांतून रक्ताचा संपर्क येतो. काळपुळी अर्थात अँथ्रॅक्सचे जंतू मृतदेह उघडल्यास मातीत मिसळून वर्षानुवर्षे टिकून राहतात.

तिसरी वाट पाणी व दूध यांची. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून, पायाच्या जखमेवाटे, लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून आणि व्यालेल्या किंवा गाभ टाकलेल्या जनावराच्या स्रावांतून माणसास होतो.

राखण करताना घ्यावयाची काळजी

पीक वाचविण्यासाठी अनेक शेतकरी रात्री जागल करतात. ही रात्र गवतात, उघड्या जमिनीवर काढू नये. बाज किंवा माळा वापरावा आणि मच्छरदाणी लावावी. त्यामुळे माइट, डास व साप या तिन्हींपासून संरक्षण मिळते. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पायजमा व बंद बूट घालावेत आणि पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. उघड्या त्वचेस कीटकरोधक मलम लावावे. अंगावरचे कपडे गवतावर किंवा झुडपांवर वाळत घालू नयेत. घरी परतताच साबणाने स्नान करावे, कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि काखा, कंबर, जांघा व कानांमागील भाग तपासावा. मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी.

गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल किंवा जळती काडी लावू नये. बोटांनी चिरडू नये. नंतर जागा व हात साबणाने धुवावेत.

घराभोवतीचे व गोठ्याभोवतीचे गवत कापलेले ठेवावे. धान्य व पशुखाद्य झाकून ठेवावे, म्हणजे उंदीर कमी होतात. गुरांसाठी पाण्याची वेगळी टाकी असावी. गुरांच्या गोचिडींवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध करावे. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांतर्गत लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिसची लस विनामूल्य दिली जाते. ती चुकवू नये. दूध उकळूनच प्यावे.

कुंपण असावे, सापळा नसावा

कुंपणात घरची वीज थेट सोडणे हा गुन्हा तर आहेच. त्याहून मोठी बाब म्हणजे अशा तारेने शेतमालक, शेजारी व लहान मुले यांचेही प्राण जातात. सौर कुंपणात क्षणमात्र वाहणारा नियंत्रित झटका असतो. ते प्रमाणित यंत्रासह आणि सूचनाफलक लावूनच बसवावे. नीलगाय उंच उडी मारते, म्हणून कुंपण पुरेसे उंच असावे. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून सलग कुंपण केल्यास ते अधिक उपयोगी ठरते.

विषारी आमिष, फास व स्फोटक गोळे यांचा वापर करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या २०२२ मधील सुधारणेनंतर काळवीट पहिल्या अनुसूचीत, तर नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहे. विनापरवाना शिकार करणे हा दंडनीय गुन्हा आहे आणि शिकारीचे मांस हा आरोग्यासही धोका आहे. पीकनुकसानीची सूचना वन विभागास उशीर न करता द्यावी व शेताची छायाचित्रे जपून ठेवावीत. महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे.

मृत किंवा जखमी जनावर आढळल्यास जवळ जाऊ नये, कुत्र्यांना बांधून ठेवावे व वन विभागास कळवावे. रानटी जनावर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीज प्रतिबंधक उपचारांसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, चुना किंवा मिरची जखमेवर लावू नये.

ताप आल्यास शेताचा उल्लेख अवश्य करावा

स्क्रब टायफसची लक्षणे चाव्यानंतर साधारणतः १० दिवसांनी, क्वचित २१ दिवसांपर्यंत, दिसू लागतात: तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि कधी अंगावर पुरळ. चावलेल्या जागी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती बहुधा दुखत नाही आणि कपड्यांआड असते, त्यामुळे रुग्णाच्याही लक्षात येत नाही. प्रत्येक रुग्णास ती असतेच असेही नाही.

वेळेत निदान झाल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त व सहज उपलब्ध औषधाने हा ताप बरा होतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर परिणाम होऊन मृत्यूही ओढवू शकतो. डेंग्यू, मलेरिया व टायफॉईड यांचीही लक्षणे अशीच असल्याने डॉक्टरांना योग्य दिशा मिळण्यासाठी रुग्णाचे सांगणे मोलाचे ठरते. औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी औषधाची निवड वेगळी असू शकते.

शहरात राहणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सुटीत गावी जाऊन शेतात राहिलेल्या व्यक्तीस परतल्यावर ताप आला, तर शहरातील डॉक्टरांना त्या प्रवासाची कल्पना नसते. म्हणून तपासणीच्या वेळी पुढील चार गोष्टी आपणहून सांगाव्यात:

१. गेल्या तीन आठवड्यांत शेतात, गवतात किंवा जंगलालगत गेलो होतो का?
२. गोचीड चिकटली होती का, किंवा अंगावर काळी खपली आहे का?
३. आजारी, मृत किंवा रानटी जनावराशी संपर्क आला होता का?
४. कच्चे दूध प्यालो का, किंवा चिखलपाण्यात उघड्या पायांनी काम केले का?

तापासोबत धाप लागणे, शुद्ध हरपणे, लघवी कमी होणे, रक्तस्राव किंवा कावीळ दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नुकसान झालेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहू शकते. दुर्लक्षित ताप मात्र तेवढी सवड देत नाही. हे पत्रक घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावे आणि गावाकडील नातेवाइकांनाही वाचून दाखवावे.