सड्यावरचा प्रबंध: एम.एस्सी. संशोधनाने शिकवलेल्या दहा गोष्टी

एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचा माझा प्रबंध रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवरच्या पावसाळी वनस्पतींवर होता. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. मे महिन्यात तिथे काळ्या कातळाशिवाय काही नजरेस पडत नाही. पाऊस सुरू झाला की काही आठवड्यांत तोच कातळ हिरवा होतो आणि पुढे गेंद, सीतेची आसवं, कवला, तेरडा यांनी भरून जातो. नंतर मी शिकवू लागले आणि दरवर्षी प्रबंधाची चिंता घेऊन आलेली मुलं-मुली समोर बसू लागली. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने मांडते आहे.

माझ्या लेखी पदव्युत्तर प्रबंधाची कसोटी एकच आहे. तुमचा प्रबंध हातात घेऊन उद्या कुणी त्याच जागी गेलं, तर त्याला तुमचं काम पडताळून पाहता आलं पाहिजे. खालचा प्रत्येक मुद्दा या कसोटीतूनच आला आहे.

१. प्रश्न एका वाक्यात बसवा

‘कोकणातल्या सड्यांची जैवविविधता’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘कातळावरच्या मातीचा थर जाड होत जातो तशा तिथल्या वनस्पतींच्या जाती बदलतात का?’ हा प्रश्न. तो असा मांडला की काय मोजायचं ते आपोआप ठरतं: मातीची जाडी, जातींची नावं, जागेची नोंद. जे या प्रश्नाला लागत नाही ते बाजूला ठेवता येतं. एम.एस्सी.च्या हाताशी काही महिनेच असतात. त्यात एका छोट्या प्रश्नाचं भक्कम उत्तर मिळवणं, हेच खरं काम आहे. मोठे प्रश्न पीएच.डी.साठी राहू द्या.

२. विद्यापीठाआधी पावसाचं वेळापत्रक पाहा

सड्यावरची बहुतेक झाडं एका पावसाळ्यात जगून संपतात. दिपकाडी पावसाच्या सुरुवातीलाच फुलते, गेंदांचा भर ऑगस्ट-सप्टेंबरात असतो आणि दिवाळीपर्यंत गवत पिवळं पडलेलं असतं. आता संशोधन प्रकल्प तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात असतो. तिसरं सत्र सुरू झाल्यावर विषय शोधायला घेतला आणि मंजुरीत ऑगस्ट उजाडला, तर अर्धा हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीतच जागा पाहून, विषय पक्का करून ठेवा.

हे फक्त रानात काम करणाऱ्यांपुरतं नाही. माशांच्या प्रजननाचा काळ ठरलेला असतो, बी रुजायला तिचा वेळ लागतो, बुरशी तिच्या गतीने वाढते आणि मागवलेली रसायनं यायलाही दिवस जातात. जीवशास्त्राचा प्रबंध जीवाच्या कालगणनेने चालतो. सबमिशनची तारीख त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते.

३. परवानगी कागदावर घ्या, ओळख माणसांशी करा

वनक्षेत्रात काम असेल तर वन विभागाची लेखी परवानगी हवी. अभयारण्य असेल तर अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जातो आणि त्याला वेळ लागतो. कोकणातले कितीतरी सडे खासगी मालकीचे आहेत, तिथे मालकाला भेटून सांगणं हीच परवानगी.

“काय शोधतंस गो बाय कातळावर?” गुरं राखणाऱ्या एका आजींनी मला विचारलं होतं. “आजी, ही फुलं कुठे कुठे येतात ते लिहून घेतेय,” म्हटल्यावर त्या काठी टेकत पुढे झाल्या आणि पाऊस थांबल्यावरही पाणी टिकून राहतं अशी कातळातली खळगी त्यांनी एकेक करून दाखवली. पाणवनस्पतींच्या माझ्या नोंदी त्या खळग्यांतूनच उभ्या राहिल्या. अशा माणसांचा उल्लेख ऋणनिर्देशात गावाच्या नावासह, त्यांना विचारून, अवश्य करा. माहिती कुठून आली हे सांगणं हाही पद्धतीचाच भाग आहे.

४. नाव चुकलं तर पुढचं सगळं चुकतं

गेंदाचं फूल म्हणजे लांबून पांढरं बटण. पण ते एक फूल नसतंच, चिमुकल्या नर-मादी फुलांचा तो गच्च गुच्छ असतो. असा एक गुच्छ पाण्याच्या थेंबात ठेवून, डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली दोन सुयांनी हलके उलगडला की एकेक फूल सुटं होतं. मादी फुलाची दलं किती आणि कशी, परागकोश काळे की पांढरे, बीच्या पृष्ठभागावरची जाळी कशी, यावर जात ठरते. शेजारी शेजारी उगवलेले, डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन गेंद इथे वेगळे निघतात. मोबाइलवरच्या फोटोवरून हे कळणं शक्य नाही.

म्हणून प्रत्येक जातीचा हर्बेरियम नमुना करा. साधारण ४२ गुणिले २८ सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर नीट दाबून वाळवलेलं झाड आणि खाली स्थळ, तारीख, अधिवास, गोळा करणाऱ्याचं नाव व क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. थिओडोर कुक यांची १९०१ ते १९०८ या काळात निघालेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची आजही उघडावी लागते, मात्र त्यातली बरीच नावं आता बदलली आहेत, तेव्हा ती नव्या संदर्भांशी ताडून घ्या. शंका उरली तर पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातल्या किंवा आघारकर संशोधन संस्थेतल्या नमुन्यांशी तुलना करून खात्री करून घ्या. झाड दुर्मीळ असेल तर मुळासकट उपटू नका. फोटो आणि अचूक नोंद पुरते.

५. शून्य आणि रिकामी जागा यांत फरक आहे

सड्यावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून आतली झाडं मोजायची, ही क्वाड्रॅट पद्धत. तक्त्यात एखाद्या जातीसमोर शून्य लिहिलं तर त्याचा अर्थ ‘पाहिलं, आढळली नाही’. जागा रिकामी सोडली तर अर्थ ‘पाहिलंच नाही’ किंवा ‘लिहायचं राहिलं’. महिन्यांनी संगणकावर आकडे चढवताना हा फरक स्मरणावर सोडता येत नाही. शून्य तिथल्या तिथे लिहा.

नोंदी पेन्सिलने करा, कारण पावसात शाई पसरते. तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, हवामान आणि सोबत कोण होतं, हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर हवं. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पानांचे फोटो काढा. आकड्यांची फाइल लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि ऑनलाइन अशी तीन ठिकाणी ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका, काम करायचं ते तिच्या प्रतीवर.

६. संख्याशास्त्राच्या शिक्षकांना आधी भेटा

सगळे आकडे जमल्यावर ‘यावर कोणती टेस्ट लावू?’ असं विचारायला जाणारे विद्यार्थी फार. तोवर उशीर झालेला असतो. एकाच सड्यावर टाकलेल्या वीस चौकटी म्हणजे वीस सडे नव्हेत. त्या एका सड्याबद्दल बोलतात, जिल्ह्याबद्दल नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४मध्ये या दोषाला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हटलं आणि परिस्थितिकीच्या अभ्यासकांना तेव्हापासून तो जागोजागी दिसू लागला. प्रयोगशाळेतही हेच लागू आहे: एका उंदराचं रक्त पाच वेळा तपासलं म्हणून उंदीर पाच होत नाहीत. किती जागा, प्रत्येक जागी किती नमुने, तुलना कशाची कशाशी, हे सगळं पहिली चौकट टाकण्याआधी कागदावर ठरवा.

७. जीव आधी, आकडे नंतर

रत्नागिरीत फुरसं भरपूर आहे आणि दगडाखाली ते सहज असतं. गमबूट घाला, दगड हाताने उलटू नका, एकटं जाऊ नका. मोकळ्या सड्यावर वीज चमकू लागली की काम थांबवून खाली उतरा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका, कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, हे पहिल्याच फेरीत पाहून ठेवा.

८. मार्गदर्शकाकडे नेमका प्रश्न घेऊन जा

‘सर, पुढे काय करू?’ याला कुणालाच चांगलं उत्तर देता येत नाही. ‘मॅडम, या तीन जागांपैकी तिसरीवर गुरं चरतात, ती ठेवू की बदलू?’ याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. भेटीला जाताना एक पान लिहून न्या: काय झालं, काय अडलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं. भेटीनंतर जे ठरलं ते दोन ओळींत मेल करा. मार्गदर्शकांकडे विद्यार्थी अनेक असतात, तुमचा प्रबंध मात्र तुमचाच असतो. त्याची सूत्रं तुमच्या हाती असावीत.

९. लिखाण हंगामातच सुरू करा

‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण काम चालू असतानाच लिहा, कारण तेव्हा बारीकसारीक तपशील ताजे असतात. मग तक्ते आणि आलेख तयार करा आणि त्यांच्या आधाराने निष्कर्ष लिहा. प्रस्तावना त्यानंतर, सारांश सगळ्यात शेवटी. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये साठवा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीत प्रबंध लिहिण्याचं दडपण येतं. त्यांना माझं सांगणं असतं की आधी घरात, आईला किंवा भावाला, आपलं काम मराठीत समजावून सांगा. त्यांना कळलं, तर विचार स्वच्छ आहे. स्वच्छ विचार साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरतो. भारदस्त वाक्यं उचलून जोडण्याचा मोह टाळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार साधर्म्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही, त्यापुढे आहे. पण टक्केवारी हा किमान नियम झाला. जे वाक्य तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ते तुमच्या प्रबंधात नको.

१०. ‘फरक आढळला नाही’ हेही उत्तर आहे

अपेक्षा होती तसं घडलं नाही म्हणून विद्यार्थी रडकुंडीला येतात. नीट आखलेल्या अभ्यासात फरक दिसला नाही, तर ती माहिती आहे आणि ती तशीच लिहायची. नको असलेले आकडे वगळायचे नाहीत. व्हायवाला परीक्षक विचारतात: हीच जागा का? एकच मीटर का? हा निष्कर्ष कुठवर लागू होतो? मर्यादा तुम्ही स्वतःच प्रबंधात लिहिल्या असतील, तर या प्रश्नांची उत्तरं शांतपणे देता येतात. परीक्षकालाही असा विद्यार्थी भावतो.

शेवटी एक विनंती. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर जातात, एम.एस्सी.चे बहुतेक विभागाच्या कपाटातच राहतात. तुमच्या प्रबंधाचं तसं होऊ देऊ नका. नमुने मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करा, नोंदी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. आणि २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही आली आहे, तेव्हा ज्या गावच्या सड्यावर काम केलंत तिथल्या समितीला तुमची यादी मराठी नावांसह नेऊन द्या. सड्यांवर आज रस्ते, खाणी आणि बागा येत आहेत. तिथे काय उगवतं याचा लिखित पुरावा अनेकदा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातच असतो. तो गावाच्या हाती असला पाहिजे.