येशूचं नाव घेताना

वसईतल्या धर्मग्रामात मी मुलांना धर्मशिक्षण देते. प्रभूच्या नावाबद्दल या कामातून जे मनाशी पक्कं झालं, ते लिहिते आहे.

१. नाव सावकाश घ्यावं. संध्याकाळच्या जपमाळेत ‘नमो मारिया’च्या पूर्वार्धाच्या शेवटाला येशूचं नाव येतं आणि नेमकी तिथेच घाई होते. उत्तरार्ध म्हणणारे मध्येच सुरू होतात आणि ते नाव गलक्यात बुडतं. पाच दशकं म्हणजे पन्नास नमो मारिया. त्यात हे नाव पन्नास वेळा गिळलं जातं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जपमाळेवर पत्र लिहिलं, त्यात ‘नमो मारिया’चं केंद्र म्हणजे येशूचं नाव, असं आवर्जून सांगितलं. आमच्या वर्गात मुलं त्या नावाशी श्वासभर थांबतात. जपमाळ लांबते. लांबू द्यावी.

२. अर्थ सांगावा, मग आदर मागावा. देवदूत योसेफाला बाळाचं नाव सांगतो तेव्हा कारणही सांगतो: हा आपल्या लोकांना पापांपासून तारील. ‘येशुआ’ म्हणजे परमेश्वर तारतो. यहुद्यांमध्ये हे नाव तेव्हा सर्रास ठेवलं जाई. मग त्यापुढे गुडघे का टेकायचे? संत पौल फिलिप्पैकरांना लिहिताना आधी क्रुसावरच्या मरणाची गोष्ट काढतो आणि मगच सर्व नावांहून श्रेष्ठ अशा नावाची. हा क्रम मुलांना समजला की वेगळा उपदेश करावा लागत नाही.

३. देहालाही वळण लागावं. १२७४ साली लिआँ इथल्या धर्मपरिषदेने हे नाव ऐकताच मस्तक लववावं, असं सांगितलं. आमच्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी आजही तसं करतात. वाचन चालू असतं, त्यांचे डोळे मिटलेले असतात. ‘येशू’ शब्द आला की हनुवटी जरा खाली येते, डोक्यावरचा पदर हलतो. मुलं त्यांच्याकडे बघून शिकतात.

४. नाव म्हणजे मंत्रतंत्र नव्हे. घरात आजारपण आलं की लोक विचारतात, “किती वेळा म्हणू?” मी त्यांना ‘प्रेषितांची कृत्ये’मधले दोन प्रसंग वाचायला सांगते. स्केवाचे सात मुलगे भूत काढायला हे नाव वापरायला गेले आणि मार खाऊन उघडेनागडे पळाले. पेत्राने मात्र मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजापाशी बसलेल्या पांगळ्याला येशूच्या नावाने चालायला सांगितलं आणि लगेच त्याचा उजवा हात धरून त्याला उठवलं. तो हात मला फार मोलाचा वाटतो. नाव घेणाऱ्याने आजाऱ्याच्या उशाशी बसावं, त्याला दवाखान्यात न्यावं, त्याच्या घरी डबा पोचवावा.

५. व्यवहारात या नावाची शपथ घेऊ नये. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही आज्ञा जमिनीच्या सौद्यालाही लागू आहे.

६. ३ जानेवारीला येशूच्या पवित्र नावाचा सण असतो. नाताळच्या पाहुण्यारावळ्यांत तो बहुतेक घरांतून निसटतो. यंदा त्या दिवशी लेकरांना घेऊन मिस्सेला जा, आणि स्नानसंस्कारात त्यांना कोणत्या संताचं नाव दिलं, तेही त्यांना सांगा.