डोंगरात रात्र काढावी लागली तर : सिअ‍ॅटलला नव्याने आलेल्या मुंबईकरांसाठी

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीहून सिअ‍ॅटलच्या परिसरात राहायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या सामानात एक जुनी सॅक असते. तिच्या वरच्या कप्प्यात क्रोसिन, इलेक्ट्रॉल, बेटाडीन, क्रेप बँडेज, वेदनाशामक स्प्रे आणि जळवांसाठी मिठाची पुडी. चक्रम हायकर्स किंवा गिरिविहारबरोबर फिरलेला माणूस असेल तर शिट्टी आणि टॉर्चही. सह्याद्रीसाठी ही तयारी चांगली आहे, पण इथल्या कॅस्केड पर्वतात ती अपुरी पडते. इथे बरीच वर्षं राहिलेल्या, डोंगरात नेमाने जाणाऱ्या काही मराठी कुटुंबांशी बोलून हे टिपण केलं आहे. आमच्यात ट्रेकिंग करणारे आहेत, मासेमारी करणारे आहेत आणि सहकाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जाणारे एक-दोघंही आहेत.

आधी फरक कशात आहे ते पाहू. सह्याद्रीत आपण एकटे नसतो. हरिश्चंद्रगडावर पिठलं-भाकरी मिळते, राजमाचीवर उधेवाडी आहे, बहुतेक गडांच्या पायथ्याला वाडी असते. कोणाचा पाय मोडला तर वाडीतली पोरं झोळी करून उतरवतात, लोणावळ्याहून शिवदुर्ग मित्रचे किंवा खोपोलीहून यशवंती हायकर्सचे कार्यकर्ते दोर घेऊन निघतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान तर १०४ चौरस किलोमीटरचं, शहराने वेढलेलं. सिअ‍ॅटलपासून गाडीने तासाभरावर असलेलं अल्पाइन लेक्स हे रानच सोळाशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि आत रस्ता नाही, घर नाही, चहाची टपरी नाही. फोनला रेंजही बहुतेक ठिकाणी नसते.

शोध आणि बचावाची जबाबदारी इथे काउंटीच्या शेरीफकडे असते आणि प्रत्यक्ष काम स्वयंसेवक करतात. ही मंडळी निष्णात आहेत आणि या कामाचे पैसे घेत नाहीत. तेव्हा बिलाच्या भीतीने ९११ ला फोन करायला उशीर करू नका. (अ‍ॅम्ब्युलन्सचं आणि हॉस्पिटलचं बिल वेगळं येतं, ते विम्याचं प्रकरण.) पण निरोप पोचायचा, माणसं घरून निघायची, गाडीने पायथ्याशी यायची, मग स्ट्रेचर घेऊन चढायची, यात सहा-आठ तास सहज जातात. हवा बिघडली तर उजाडेपर्यंत थांबावं लागतं. सॅक भरताना तिथे रात्र काढावी लागली तर काय होईल, हाच प्रश्न समोर ठेवा.

म्हणून पहिली जागा थंडीच्या सामानाला द्या. मुंबईत वाढलेल्या माणसाला उन्हाचा झटका ओळखता येतो, अंगातली ऊब कमी होणं ओळखता येत नाही. ऊब जायला बर्फ लागत नाही. दहा अंश तापमान, भिजलेला सुती टी-शर्ट आणि वारा एवढं पुरतं.

आमच्यातल्या एका बोरिवलीच्या कुटुंबाचा ऑक्टोबरमधला अनुभव ऐका. दुपारी तीनच्या सुमारास कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा घोटा ओल्या मुळावरून सरकून मुरगळला. क्रेप बँडेज बांधलं, गोळी दिली, सगळं पद्धतशीर झालं. पण चालता येईना आणि रिपरिप सुरू झाली. पाचच्या सुमारास मुलगी कुडकुडायला लागली. वडिलांनी जॅकेट दिलं, तर तिला चेन लावता येईना. बोटं चेनचा पट्टा पकडत आणि तो सुटून जाई. ती चिडचिड करायला लागली, मग बोलताना शब्द अडखळायला लागले. आईला वाटलं, घाबरली आहे. खरी खूण तीच होती. बोटांनी साधं काम न होणं, चाल डगमगणं, बोलणं जड होणं, उगाच चिडणं किंवा गप्प बसणं, हे दिसलं की थंडी आत शिरली म्हणून समजा. कुडकुडणं थांबलं आणि माणूस अजून ओला-गारच असेल, तर ती बरं वाटण्याची खूण नाही, धोका वाढल्याची आहे.

त्या संध्याकाळी उपयोगी पडल्या त्या कचऱ्याच्या दोन मोठ्या, जाड प्लास्टिकच्या पिशव्या. मागून येणाऱ्या एका वयस्क गृहस्थाच्या सॅकमध्ये त्या होत्या. त्यांनी मुलीचे ओले कपडे काढायला लावले, कोरडा लोकरीचा थर घातला, खाली फोमची चटई टाकली आणि पिशवीत बसवून फक्त चेहरा बाहेर ठेवला. खालची चटई सर्वांत महत्त्वाची, कारण ओली जमीन अंगातली ऊब वाऱ्यापेक्षाही झपाट्याने ओढते. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर गरम, गोड पेय द्या. हात-पाय जोराने चोळू नका. ब्रँडी तर अजिबात नको. आपल्याकडच्या अनेक घरांत ब्रँडीने ऊब येते असा समज आहे, पण दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि ऊब उलट लवकर जाते.

तेव्हा माणशी एक टोपी, एक लोकरीचा किंवा सिंथेटिक कोरडा थर कोरड्या पिशवीत बांधून, एक फुगीर जॅकेट, दोन कचऱ्याच्या पिशव्या, बसण्यापुरता फोम. चंदेरी कागदासारखं तातडीचं ब्लँकेट दुकानदार आवर्जून देतो. जवळ असू द्या, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. वाऱ्यात ते फडफडतं आणि फाटतं. हेडलॅम्प प्रत्येकाला वेगळा, मुलांनाही. मुंबईत वर्षभरात कधीही सूर्य सहाच्या फार आधी मावळत नाही. इथे नोव्हेंबरात तो साडेचारच्या सुमारासच मावळतो.

सिअ‍ॅटलच्याच ‘द माउंटेनियर्स’ या १९०६ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९३०च्या दशकात दहा आवश्यक वस्तूंची यादी केली, जी आज जगभरचे गिर्यारोहक वापरतात. नकाशा-होकायंत्र, दिवा, आग पेटवायचं साधन, निवारा, जास्तीचं खाणं-पाणी-कपडे वगैरे. त्या दहांत प्रथमोपचार ही केवळ एक नोंद आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट रक्तस्राव. इथे शिकारीचा विषय येतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्याच्या शेजारी राहिलेल्या बोरिवलीकराला ऑफिसातल्या माणसाने हरणाच्या शिकारीला बोलावलं की काय बोलावं ते सुचत नाही. जायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. गेलात तर वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं. एच-वन किंवा तशाच व्हिसावर असाल तर बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाला विचारा. केंद्रीय कायद्यात त्याबद्दल कडक बंधन आहे.

शिकारीत बंदुकीइतकीच काळजी चाकूची घ्यावी लागते. जनावर पडल्यावर अंधारात, थंडीने बधिरलेल्या आणि रक्ताने निसरड्या हातांनी ते सोलायचं असतं. चाकू सटकतो तो डाव्या हातावर किंवा मांडीवर. मांडीतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर हातात काही मिनिटंच असतात. आपल्याकडच्या पेटीतला कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी इथे काही कामाची नाही. लागतं ते असं : भरपूर गॉझ, दाबून बांधायची रुंद पट्टी, आणि दांडी पिळून आवळायचं टूर्निके. जखमेत गॉझ खोलवर कोंबून दोन्ही हातांनी, शरीराचा भार टाकून दाबायचं आणि पाहायला म्हणून मध्येच उचलायचं नाही. हाता-पायातून रक्त उसळत असेल तर टूर्निके जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. दुखतं, खूप दुखतं, म्हणून सैल करायचं नाही. ते डॉक्टर काढतील. स्वस्तातली नक्कल घेऊ नका, तिची दांडी पिळताना तुटते. ‘स्टॉप द ब्लीड’ नावाचं छोटं प्रशिक्षण अनेक ठिकाणी फुकट मिळतं, ते नवरा-बायको दोघांनी घ्या. जमलं तर दोन दिवसांचा रानातल्या प्रथमोपचाराचा वर्गही करा.

हेच टूर्निके साप चावल्यावर मात्र कधीही बांधायचं नाही. आवळून बांधणं, कापणं, चोखणं, तिन्ही चूक, इथेही आणि आपल्याकडेही. चावलेला हात-पाय हलू न देता आधार द्यायचा, अंगठ्या-कडी काढायची आणि हॉस्पिटल गाठायचं. कॅस्केडच्या पश्चिमेला विषारी साप नाहीत, पूर्वेला रॅटलस्नेक आहेत.

औषधांविषयी थोडक्यात. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून मिळतं, टायलेनॉल तेच. कॉम्बिफ्लॅममध्येही ते आहे. दुखणाऱ्या माणसाला एकाने कॉम्बिफ्लॅम आणि दुसऱ्याने टायलेनॉल दिली, असं घडू शकतं. दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं की यकृताला धोका. म्हणून दिलेली गोळी आणि वेळ कागदावर लिहा. निमेसुलाइडला अमेरिकेत मान्यता नाही, ती आणू नका. बाकी औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इलेक्ट्रॉल जरूर आणा, फक्त मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, अंदाजाने नाही. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळूनच प्या. मधमाशी-गांधीलमाशीची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर एपिनेफ्रिनचं इंजेक्शन डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरात मधुमेह असेल, आणि आपल्यात तो अनेक घरांत आहे, तर ग्लुकोज खिशात ठेवा आणि इन्सुलिन सॅकमध्ये न ठेवता जॅकेटच्या आत अंगाशी ठेवा. एकदा गोठलं की ते वापरता येत नाही.

गोचीड चिकटली तर मीठ, तेल, काडीचा चटका यांतलं काही करू नका. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. अस्वलासाठीचा स्प्रे कमरेला लावा, सॅकच्या तळाशी त्याचा उपयोग शून्य. तो अंगावर किंवा तंबूवर मारायचा नसतो, समोरून धावून येणाऱ्या अस्वलाच्या दिशेने सोडायचा असतो. विमानात तो कुठल्याच सामानात चालत नाही.

शिकारीला जाणार नसलात तरी शिकारीचा मोसम तुम्हाला चुकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनी भडक नारिंगी जॅकेट किंवा बनियन घाला, मुलांनी आणि कुत्र्यानेसुद्धा. तपकिरी आणि पांढरे कपडे त्या दिवसांत घरीच ठेवा.

उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, गार्मिनचं इनरीच किंवा तसंच दुसरं, महाग वाटतं, पण आमच्या सगळ्यांचं मत एक आहे : दुसरं जॅकेट पुढच्या वर्षी घ्या, हे आधी घ्या. आयफोन १४ आणि पुढच्या फोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे; ती घरी सरावासाठी उघडून पाहा. मात्र इनरीचसारखं यंत्र मुंबईला सुट्टीवर जाताना सोबत नेऊ नका. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर परदेशी प्रवाशांना त्यापायी अडकवलेलं आहे. सह्याद्रीत हाक मारायची तर ११२ आणि १०८ आहेत.

शेवटी एक कागद. गाडी कुठे लावणार, कुठली वाट, कोण-कोण, जॅकेटांचे रंग, कोणाला काय आजार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ ला कळवायचं. हा कागद मुलुंडच्या आईबाबांना पाठवू नका. ते तिथून इथल्या ९११ ला फोन लावू शकत नाहीत, उगाच रात्रभर जागतील. इथल्याच शेजाऱ्याला किंवा मराठी मंडळातल्या मित्राला द्या, ठरलेली वेळ त्याच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या, आणि खाली उतरल्यावर रेंज येताच पहिला फोन त्याला करा.