युक्का : उद्यानातील शोभेचे झुडूप आणि औषधी व्यवहारातील सावधगिरी

बंगल्यांच्या फाटकाशी व सार्वजनिक उद्यानांत तलवारीसारख्या पानांचे युक्काचे झुडूप सर्वत्र दिसते. कोरफडीशी असलेल्या वरवरच्या साम्यामुळे रुग्ण त्याविषयी विचारणा करतात; म्हणून त्याचा परिचय येथे करून देत आहोत.

स्वरूप : युक्का ही मूळची अमेरिका खंडातील, शतावरी कुलातील (अ‍ॅस्परॅगेसी) वनस्पती होय. आपल्याकडे युक्का अ‍ॅलॉइफोलिया, युक्का ग्लोरिओसा इत्यादी जाती लावतात. पाने कडक, तंतुमय असून पहिल्या दोन्ही जातींत टोकास तीक्ष्ण काटा असतो. उंच दांड्यावर पांढरी, घंटेसारखी, अधोमुख फुले येतात.

भेद : कोरफडीचे पान मांसल असते, कापल्यास पिवळा रस व आत गर मिळतो. युक्काच्या पानात असा गर नसतो. घायपात एकदा फुलून मरते. युक्का पुनःपुन्हा फुलतो. ‘युका’ हे कसाव्याचे नाव निराळे. त्याच्या कंदापासून साबुदाणा करतात.

उपयोग : मुळांत सॅपोनिन असल्याने पाण्यात रिठ्यासारखा फेस येतो. अमेरिकेतील आदिवासी जमाती त्याने केस धूत व पानांच्या तंतूंपासून दोर, टोपल्या व पादत्राणे करीत. युक्का शिडिगेरा या जातीचा अर्क पेयांत फेसासाठी व पशुखाद्यात वापरतात.

सुरक्षितता : पानांची टोके डोळ्यांस व कानांस गंभीर इजा करू शकतात, मुलांच्या वावराच्या जागी हे झुडूप लावू नये. कुत्र्या-मांजरांनी पाने खाल्ल्यास उलट्या होतात. सॅपोनिन रक्तकणांचे विघटन करू शकते. म्हणून त्याचा अर्क सूचिकाभरणाने देणे सर्वथा वर्ज्य.

आमचे मत : शतावरीतील शतावरीन व युक्कातील काही सॅपोनिन यांचा मूळ सांगाडा सार्सासॅपोजेनिन हाच आहे, परंतु तेवढ्यावरून युक्का शतावरीचा प्रतिनिधी ठरत नाही. प्राचीन संहितांत त्याचा उल्लेख नाही. रस, वीर्य, विपाक निश्चित नाहीत व मात्राही ठरलेली नाही. औषधि व प्रसाधन अधिनियम, १९४० नुसार आयुर्वेदीय पेटंट औषधात प्रथम परिशिष्टातील ग्रंथांत उल्लेखिलेलीच द्रव्ये योजता येतात. तेव्हा औषधालय-मालकांनी आयात चूर्ण वा अर्क घटकद्रव्य म्हणून घेण्यापूर्वी ही अट तपासावी, आणि वैद्यबंधूंनी बागेतील पान कोरफड समजून कोणी आणल्यास ते कापून दाखवून रुग्णाची खात्री पटवावी.