एबीएसचा दिवा लागला म्हणजे नक्की काय बिघडलं?

मॉरिसव्हिलमध्ये दूध आणायलाही गाडी काढावी लागते. त्यामुळे डॅशबोर्डवर एबीएसचा आणि घसरत्या गाडीच्या चित्राचा असे दोन पिवळे दिवे एकदम लागले, की पोटात गोळा येतो. गॅरेजवाल्याने गाडी न उचलताच "एबीएस मॉड्यूल बदलावं लागेल" म्हणून हजार डॉलरच्या पुढचा आकडा सांगितला, की तो गोळा आणखी मोठा होतो.

पण कुठला भाग बिघडला हे दिवा सांगत नाही. "मला चाकांवर नीट लक्ष ठेवता येत नाहीये," एवढंच तो सांगतो. का ठेवता येत नाहीये, हे शोधायला थोडं भौतिकशास्त्र आणि थोडी शिस्त लागते.

आधी रंग पाहा

फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक बहुतेक वेळा नेहमीसारखे लागतात. बंद असते ती चाक लॉक होऊ न देणारी मदत. पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून सावकाश घरी जाता येतं. हँडब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, तर मात्र गाडी चालवू नका. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी टो ट्रक बोलवा.

दोन दिवे एकत्र का?

पहिल्या पावसात स्कूटरचा ब्रेक करकचून दाबला की काय होतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. चाक फिरायचं थांबतं, टायर घसरतो आणि हँडल वळवूनही गाडी वळत नाही. एबीएसचा कॉम्प्युटर चारही चाकांचा वेग सतत मोजतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार झपाट्याने मंदावलं, की त्या चाकाचा ब्रेक सेकंदाला अनेकदा सोडतो आणि दाबतो. ट्रॅक्शन कंट्रोल याच्या उलट काम करतं: एखादं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं, की त्याला आवरतं. दोघांचे डोळे मात्र तेच, म्हणजे चाकांजवळचे चार सेन्सर. एक डोळा गेला की दोघंही काम थांबवतात.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. त्याच्यासमोरून लोखंडी दात्यांचं कडं फिरतं आणि फॅरेडेच्या नियमानुसार तारेत वीज निर्माण होते. समजा, कड्याला ४८ दाते आहेत आणि टायरचा परीघ २ मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे चाकाचे ५ फेरे, म्हणजे सेकंदाला २४० ठोके. हे ठोके मोजले की वेग कळला! नव्या गाड्यांत बहुधा हॉल परिणामावर किंवा चुंबकीय रोधावर चालणारा सेन्सर असतो आणि दात्यांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते.

आता कडं गंजून तडकलं तर? प्रत्येक फेऱ्यात एका जागी ठोका उशिरा येतो. वेग कमी असताना कॉम्प्युटरला वाटतं, चाक लॉक झालं. म्हणून कोरड्या रस्त्यावर, सिग्नलला अगदी थांबता थांबता पेडल पायाखाली थरथरत असेल, तर संशय कड्यावर घ्या. इकडे वादळाआधी रस्त्यांवर मिठाचं पाणी फवारतात. गाडी उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यातून आणलेली असेल तर गंजाची शक्यता आणखी जास्त.

शोध कसा घ्यायचा?

१. एबीएसचे कोड वाचू शकणारा स्कॅनर घ्या. स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे, 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. आपल्याला बहुधा 'सी'ने सुरू होणारे हवे असतात. उदाहरणार्थ, अनेक गाड्यांत सी००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सर सर्किटचा असतो. 'सर्किट' हा शब्द महत्त्वाचा: त्यात सेन्सर, वायर, कनेक्टर सगळं आलं.

२. इंजिनाचा दिवाही लागला असेल तर आधी तो कोड सोडवा. काही गाड्या इंजिनात बिघाड झाला की ट्रॅक्शन कंट्रोलही बंद करतात. बॅटरी कमजोर नाही ना आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हेही पाहा.

३. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग लावा. सोबत्याला स्कॅनर धरायला सांगून रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी २० मैलांनी जा. तीन चाकं २० आणि एक शून्य दाखवत असेल, तर चाक सापडलं. आकडा फक्त वळताना गायब होत असेल, तर स्टिअरिंगबरोबर वाकणारी वायर तुटत आली असावी.

४. मग गाडी सपाट जागी, जॅक स्टँडवर आणि बाकीच्या चाकांना अडण लावून उचला. सेन्सरच्या टोकावरचा लोखंडी कीस पुसा. वायर, कनेक्टर आणि बेअरिंगचा खुळखुळाट तपासा. जुन्या प्रकारच्या सेन्सरचा रोध साधारण हजार-दोन हजार ओहम असतो. मीटरने अनंत दाखवलं तर तार तुटली आहे. नव्या प्रकारच्या सेन्सरला मात्र ओहममीटर लावू नका, तो खराब होऊ शकतो.

५. डावा-उजवा सेन्सर हुबेहूब सारखे असतील आणि सहज निघत असतील, तर अदलाबदल करा. कोड सेन्सरसोबत दुसऱ्या चाकावर गेला, तर दोषी सेन्सर. जिथल्या तिथे राहिला, तर वायर किंवा कडं. प्रयोगशाळेत आपण हेच करतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

नुकतंच बेअरिंग बदललं असेल आणि तेव्हापासून दिवा लागला असेल, तर चुंबकीय पट्टीची बाजू उलटी बसली आहे का ते विचारा. डोळ्यांना ती पट्टी साधी रबरी सील वाटते.

चारही चाकांचे वेग बरोबर असतील आणि वीजपुरवठाही ठीक असेल, तरच मॉड्यूलकडे वळा. त्याआधी गाडीचा व्हीआयएन क्रमांक एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का पाहा. ते फुकट असतं. सप्टेंबर २०२३मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी मिळून अमेरिकेत ३३ लाखांहून अधिक गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. एबीएसच्या भागातून आत ब्रेक ऑइल गळून आग लागण्याचा धोका होता. रिकॉलची दुरुस्ती विनामूल्य होते.

दिव्यासह वर्ष काढलं तर?

वर्षातले बहुतेक दिवस काही होणार नाही. पण १९ जानेवारी २००५ला शेजारच्या रॅलीत जेमतेम इंचभर बर्फ पडला आणि रस्ते असे गोठले, की कित्येक मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली. ही मदत अशाच दिवसासाठी असते. म्हणून तर अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारला, याच सेन्सरांवर चालणारं स्थैर्यनियंत्रण सक्तीचं आहे.

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई असेल, तर गॅरेजलाच जावं लागेल. तिथे पैसे देण्याआधी इतकंच विचारा: "कोड कुठला आला, आणि हाच भाग खराब आहे हे कशावरून तपासलं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर गाडी दुसरीकडे दाखवा.